प्रणोतीबाईंची फेक आणि घरचा ढोल

श्रीमैदान समर्थ. प्रथम धुळीस नमन, तिच्यावाचून फत्तेचा रंग कपड्यांस चढत नाही. शके १९४५, शोभन नाम संवत्सरे, माघ मासी आमचे कॉलेजाचे राज्यात सॉफ्टबॉलाची मोठी लढाई जाहली, तिची हकीकत ऐसी जे:

प्रणोतीबाई तायडे यांचे तीर्थरूप घरे शाकारण्याचा धंदा करीत, आणि बाई लहानपणापासून खाली उभ्या राहोन कौल खालच्या हाताने वर फेकीत, ते नीट छपरावर वडिलांचे तळव्यात जाऊन बसे. एकही फुटले नाही ऐसे बाई म्हणतात, दोन-चार फुटली ऐसे शेजारी म्हणतात. मग बाई कॉलेजात दाखल जाहल्या, आणि सॉफ्टबॉलाचे सेनापती देवतळे सर यांणी तो हात पाहोन चेंडू दिला, आणि चेंडू कमरेखालून सुटोन फलंदाजाचे नाकासमोरून ऐसा गेला की सर इतकेच बोलिले, "पोरी, उद्यापासून खो-खो बंद." मग बाईंनी गावोगाव मुलूखगिरी केली, आणि मोठमोठ्या फलंदाज येत, हवेस बॅट मारीत, आणि तोंड पाडून परत जात. बाईंस गर्व नव्हता ऐसे लिहावे तर खोटे होईल. गर्व होता आणि तो शोभत होता. परंतु विद्यापीठाची ढाल पूर्वेकडील कॉलेजाचे कबजात, ती काही केल्या येईना, आणि बाईंचे तर हे अखेरचे साल. ढालीवाचून घरी जावे लागेल हे शल्य जेवतानाही घशात टोचे.

यंदा अंतिम सामना आपलेच मैदानी ठरला. फलंदाजामागे बसणारी कॅचर निलोफर शेख मांडीआड बोटांनी खूण करी: एक बोट म्हणजे चेंडू वर उसळावा, दोन बोटे म्हणजे खाली बुडावा. बाईंचे पाठीमागे कुंपणापाशी हॉस्टेलच्या मुली ढोल घेऊन ठाकल्या, त्यांची नायकीण हर्षाली गावंडे. तेथून निलोफरची बोटे लख्ख दिसत, आणि बाईंवरील प्रेमास भरते येऊन मुलींनी नवी रीत काढिली की एक बोट दिसता एक ठोका द्यावा, दोन दिसता दोन. आरंभी फत्ते दिसत होती, आणि मग पूर्वेकडील लोकांचे ध्यानी सर्व आले, आणि फेकीआधीच त्यांची बॅट जागेवर येऊ लागली. अखेरच्या डावात आमची एकच धाव अधिक उरली, त्यांचे दोन गडी बाद, दोन बेसवर उभे, आणि समोर त्यांची सर्वांत जबर फलंदाज आली.

निलोफर धावत येऊन म्हणाली, "कावं, यांले कोणी सांगू राह्यलं का?"

बाईंनी कान दिला. "आपलाच ढोल सांगू राह्यला."

"बंद करवते मी."

बाईंस संताप आला, आणि मागे वळून पाहता मुलींचे सुजलेले तळवे दिसले, आणि संताप गिळला. "नको. ढोल बंद झाला तं त्याहीलेबी समजन. वाजू दे. तू एक दाखव, मी बुडवते. दोन दाखव, मी उसळवते."

मग ढोलाचा एक ठोका पडला, फलंदाजाने बॅट उंच घातली, आणि चेंडू खालून गेला. पुन्हा एक ठोका, पुन्हा तेच. तिसऱ्याने दोन ठोके पडले, तिने वाकून घाव घातला, आणि चेंडू बॅटीस न लागता वरून उसळोन निलोफरचे पंजात थडकला. तीन घाव हुकले, तिसरा गडी बाद, डाव सरला, फत्ते जाहली. बाई धुळीत बसोन ढसढसा रडल्या.

इतक्यात हर्षाली गळ्यात ढोल घेऊन तणतणत आली. "काय वं प्रणोती, ध्यान कुठं होतं तुझं? आम्ही एक सांगतो अन् तू दोन टाकते! तीनदा चुकली. ढोल होता म्हणून निभावलं, नाही तं गेली होती ढाल!"

निलोफरने तोंड उघडले, तो बाईंनी तिचे पायावर पाय दिला. मग दोन्ही हात जोडोन बोलिल्या, "चुकलं, बाई. ढोलानंच जिंकलो." आणि ढाल येताच प्रथम हर्षालीचे हाती दिली.

तात्पर्य: ढाल आली, ढोलाची कीर्ती जाहली, आणि प्रणोतीबाईंनी जन्मात एकदाच चूक कबूल केली, तीही न केलेली. हे लिहिले ते खरे असे.