पेटीच्या मापाचा कोट

मधमाश्यांची पेटी थंडीसाठी गुंडाळायची म्हणजे चार गोणपाटं आणि हातभर सुतळी. पण घरचा धनी शिंपी असला की गोणपाटाला कोण विचारतो? त्याने गळ्यात टेप अडकवली आणि मागच्या अंगणात जाऊन पेटीचं माप घेतलं, जणू ती लग्नाला निघाली होती.

मागच्या थंडीत एक पेटी गारठून रिकामी झाली होती. उरली ही एकच, तीही मूठभर माश्यांची. ही गेली की खोक्यात कांदे भरणार, असं बायकोने बजावून ठेवलं होतं.

उंदीर शिरू नये म्हणून त्याने पेटीचं दार फळीने बुजवलं आणि एका कोपऱ्यात दोन बोटांएवढं उघडं ठेवलं. मग कापूस भरलेला जाड कोट पेटीवरच घट्ट शिवला, दुहेरी टाक्याने. दारासाठी सुबक काज केलं आणि बायकोला हाक मारली.

“बघ, कुठे सुरकुती आहे?”

“सुरकुती नाही. दारही नाही.”

काज होतं, पण भलत्याच कोपऱ्यात. जन्मभर समोर उभ्या गिऱ्हाइकांची मापं घेतलेला माणूस. माप घेताना त्याने पेटीचा उजवा हात धरला आणि कापताना स्वतःचा.

आतल्या माश्या कोंडल्या. दुपारच्या उन्हाला बाहेर पडलेल्या परतल्या, तर घराला कुलूप. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि स्वयंपाकघराची खिडकी गाठली. तिथे त्यांच्याचसाठी केलेला साखरेचा पाक निवत होता.

“आई!” सून आतून ओरडली. “सगळ्या पातेल्यावर बसल्यात! मी टेबलाखाली आहे!”

“तिथेच बस. पाहुण्यांना जेवू दे,” सासू म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. “उसवा ते.”

“दुहेरी टाका आहे गं. अंधार पडेल.”

“मग कापा.”

“शिवलेल्या कपड्याला मी आजवर कात्री लावली नाही.”

“आत जीव गुदमरतायत आणि तुम्हाला कपड्याची पडलीय! आणा इकडे.”

कात्री घेऊन ती वाकली आणि थांबली. चुकलेल्या काजातून अस्तराखालची हिरवी लोकर डोकावत होती. सकाळपासून ती जो कोट घरभर शोधत होती, त्याचा रंग अगदी हाच होता.

“अहो, हा माझा कोट.”

“तुला तो आता जरा... दंडात...”

“हं, पुढे बोला.”

पुढे बोलण्याइतका तो खुळा नव्हता.

तिने पेटीला कान लावला. मघाची गुणगुण आता बारीक झाली होती. आपल्या कोटाकडे तिने एकदाच बघून घेतलं आणि कचकन कात्री चालवली. भोकातून एक माशी बाहेर आली, मग दुसरी, मग सगळ्यांची रीघ लागली.

सासूने माश्यांसकट पातेलं उचललं आणि पेटीजवळ आणून ठेवलं. उन्हं कलेपर्यंत एकेक करून त्या घरी गेल्या. टेबलाखालून सून निघाली. शिंप्याने फाटक्या कडेला मुकाट्याने नवं काज घातलं. या वेळी त्याने कुणाला बघायला बोलावलं नाही.

त्या थंडीत पेटी जगली. बायको बाजारात जाताना शिंप्याचा कोट घालायची, बाह्या दुमडून. वाटेत कुणी म्हणालंच, “मालक हल्ली दिसत नाहीत?” तर सांगायची, “पेटीपाशी आहेत. माश्यांवर फार जीव त्यांचा.”

आणि तो खरंच अंगणात, पेटीशेजारच्या उन्हात बसलेला असायचा. ती चार गोणपाटं वाया गेली नाहीत. दोन खांद्यावर, दोन गुडघ्यांवर.