शेवटचा हुकूम

गोंडपिपरीच्या कॅप्टन गुणवंतराव रामटेक्यांनी फौजेतली नोकरी संपताच वकिली शिकायचं काढलं, तेव्हा त्यांच्या आईनं, अंजनाबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला.

"मिलिटरीची अकादमी केली, पलटण सांभाळली, अन् आता पोट्ट्यायसंग बाकावर बसतं का रे?"

"बसतो, माय! एटापल्लीकडचे जंगलातले लोक कोर्टात नुसते हात जोडून उभे राह्यतात. त्यायच्याकडून बोलाले कोणी नोको?"

अर्ज घेण्याचा तो शेवटचा दिवस. चंद्रपूरच्या लॉ कॉलेजात बाबूच्या खिडकीपुढं पोरांची रांग होती. गुणवंतराव मागे ताठ उभे राहिले, तोच समोर खाडकन सलाम ठोकला गेला. इसरू! पलटणीत त्यांचा अर्दली, आता इथला चपराशी.

"कप्तानसाब लायनीत? मी जित्ता असताना?"

"अरे, मी आता साहेब नाई..."

ऐकेल तर तो अर्दली कसला! त्यानं गुणवंतरावांना ओढतच प्राचार्यांच्या रिकाम्या खोलीत बसवलं, पंखा लावला, चहा आणला. "साहेब बाबूपाशी जात नाई, बाबू साहेबापाशी येते. थांबा, आणतो त्याले."

बाबू कसला येतो! "कप्तान असन आपल्या घरचा," म्हणत त्यानं वेळ होताच खिडकी लावली. गुणवंतराव धावत आले.

"तुमच्याच माणसानं अडकवलं मले!"

"मंग तसं लिहून द्या. त्याची नोकरी जाईन, तुमचा अर्ज घेतो."

इसरूचा चेहरा पडला. गुणवंतरावांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"लिहून देत नाई. अन् अर्ज घेतल्याबिगर हालतही नाई!"

ते बाबूच्या दारातच सावधान उभे राहिले. शेजारी इसरू. बाबूचं जेवण घरी, आणि वाट या दोघांमधून. तो आत चरफडत बसला. शेवटी प्राचार्य आले, त्यांनी हा पहारा पाहिला आणि हसत अर्ज घ्यायला लावला.

निघताना गुणवंतरावांनी इसरूला दरडावलं, "ऐक. आजपासून मी इथी विद्यार्थी. कालेजचा नियम सगळ्यायले, तोच मले. हा माझा शेवटचा हुकूम."

"जी साब!"

वर्ग सुरू झाले त्या दिवशी एसटी वाटेतच पंक्चर झाली. गुणवंतराव पळत पोचले, तर वर्गाच्या दारात इसरू आडवा.

"उशिरा येईन त्याले आत सोडाचं नाई, असा नियम हाय."

"अबे, मी कॅप्टन..."

"विद्यार्थी, साब! तुमचाच हुकूम."

गुणवंतरावांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग ते वर्गाच्या खिडकीपाशी जाऊन ताठ उभे राहिले आणि बाहेरूनच कायदा ऐकू लागले. तास संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

चहा मात्र आला नाही.