सुताची चकती

दर एकादशीला सकाळी बापूसाहेब टेंभेकर वकील न्हाणीघरातल्या तिवईवर चढत, पितळी फवारा फिरवून काढत आणि त्याची उलटतपासणी सुरू करीत. “किती भोकं बुजवलीस? शपथेवर सांग.” फवारा मौन पाळी. “हरकत नोंदवून घ्या,” असे भिंतीला बजावून बापूसाहेब त्याला चिंचेच्या कोळात बुडवीत आणि मग दाभणाने एकेक भोक मोकळे करीत बसत.

एवढे सर्वांना ठाऊक आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात वाचनालयाच्या ओट्यावर बापूसाहेबांचा विषय निघाला की हा फवारा निघतोच. परंतु तिथे जे सांगितले जाते, त्यातले बारा आणे खोटे आहे. मी त्यांचा भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी. ती तिवई दर वेळी मी धरीत असे. सांगणाऱ्यांपैकी कोणी धरली असेल, तर त्याने पुढे यावे.

म्हणे, कलेक्टरच्या बंगल्यात फवारा पाहिला म्हणून वकिलाला साहेबी थाटाची हौस आली. साफ खोटे. बापूसाहेब स्वतः अखेरपर्यंत विहिरीवर पोहऱ्याने न्हाले. फवारा होता तो अक्कांसाठी.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतलेली. त्या घरात तिचे म्हणून काही असेल तर ते स्वयंपाकघर. पहाटे डोक्यावरून पाणी घ्यायचे, ओलेत्याने सोवळे नेसायचे आणि देवाचा नैवेद्य होईपर्यंत चूल सोडायची नाही, असा चाळीस वर्षांचा क्रम. एका थंडीत तिच्या उजव्या हातातले बळ गेले. डाव्या एका हाताने भरला तांब्या डोक्यापर्यंत जाईना. पाणी घालायला माणसे होती, पण अक्का म्हणाली, “दुसऱ्याच्या ओवळ्या हातानं न्हाल्यावर माह्यं सोवळं कसं राहते?” ती चुलीपासून उठली आणि कोठीच्या दाराशी जाऊन बसली. परक्या हातचे जेवायची नाही, आणि स्वतः रांधायची नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बापू, आता मी या घरातली अडगळ झाले रे.”

त्याच रात्रीच्या गाडीने बापूसाहेब मुंबईला गेले. येताना फवारा घेऊन आले. माळ्यावर टाकी बसली, खाली साखळी लोंबू लागली. डाव्या हाताने साखळी ओढली की डोक्यावर पाणी; कोणाचा स्पर्श नाही, कोणाचा उपकार नाही. दुसऱ्या दिवशी अक्का चुलीपुढे होती.

आता गळतीविषयी. फवारा गळत असे, हे मला मान्य. परंतु वकील कवडीचुंबक, एक चकती बदलीना, हे जे म्हणतात त्यांना त्या चकतीचा इतिहास माहीत नाही. साखळीच्या तोटीत बसते ती चकती चामड्याची. फवारा बसवतानाच ते कळले आणि अक्का कडाडली, “चामड्यातून आलेल्या पाण्यानं न्हाऊन मी नैवेद्य करू?” मग तिनेच तोड काढली. वाती वळाव्यात तसे गुडघ्यावर डाव्या तळव्याने सूत वळायचे, त्याची गोल चकती गुंडाळायची, आणि बापूसाहेबांनी ती मेणात बुडवून तोटीत बसवायची. मी जिनिंग कारखान्यात तीस वर्षे बॉयलरमधले खाराचे पापुद्रे खरवडले आहेत. आमचे खारे पाणी लोखंडाला दाद देत नाही, तिथे सुताचा काय पाड? पंधरा दिवसांत चकती पापडासारखी कडक होई, तडके, आणि पुन्हा टपटप सुरू.

ती टपटप भिंतीतून मला ऐकू येई. एका फिटरच्या शेजारी तोटी गळते, हा मला माझा अपमान वाटे. एकदा बापूसाहेब खटल्यासाठी चार दिवस अमरावतीला गेले. मी कारखान्यातून चामड्याची चकती आणली आणि ती कशाची हे कोणालाही न सांगता बसवली. टपटप बंद. अक्काने प्रसादाचा शिरा पाठवला आणि भिंतीपलीकडून म्हणाली, “फिटरभाऊ, तुमच्या हाताले जस आहे हो!”

बापूसाहेब परतले, न्हाणीघरात गेले आणि नुसते उभे राहिले. ऐकण्यासारखे काही नव्हते, तेच ते ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी मला हळूच विचारले, “कशाची?”

मी सांगितले. मला शिव्यांची अपेक्षा होती.

“चार दिवस तिनं देवाले नैवेद्य दाखवला,” ते म्हणाले. “तिले कळलं, तर ती पुन्हा चुलीजवळ जाणार नाही. जन्मात नाही.”

त्यांनी दार लावून घेतले, चामडे काढले, सुताची चकती बसवली आणि मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “अक्का! या फिटराले काहीच येत नाही! चार दिवसांत गळून राहिलं पाहा!”

“जाऊ दे बापू,” आतून अक्का म्हणाली, “बिचाऱ्यानं मन लावून केलं होतं.”

गल्ली हसली. कारखानाही हसला. मी शब्दाला शब्द देणारा माणूस. पण अक्का होती तोवर, आणि नंतरही, मी यावर तोंड उघडले नाही. आज प्रथमच नोंदवतो की मी बसवलेली तोटी गळत नव्हती.

अक्का गेल्यावर बापूसाहेब भ्रमिष्ट झाले, हेही ओट्यावरचेच संशोधन. तिच्यामागच्या पहिल्या एकादशीला त्यांनी मला नेहमीप्रमाणे हाक मारली. घरात आता स्वयंपाकाला बाई येत होती. सोवळे उरले नव्हते. मी खिशात चामड्याची चकती घेऊन गेलो आणि तिवई धरली. त्यांनी फवारा काढला. त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

“बापूसाहेब, आता ही बसवू?”

त्यांनी खिशातून अक्काची वातींची डबी काढून उघडली. तळाशी तिने वळलेली एकच पांढरी चकती होती.

“अजून एक शिल्लक आहे, फिटर.”

त्यांनी डबी मिटली आणि फवारा जुन्याच कडक चकतीवर परत चढवला. पाणी टपटपू लागले.

पुढच्या एकादशीलाही त्यांनी डबी उघडून मला दाखवली. “अजून एक शिल्लक आहे.”

त्यानंतर मी चामड्याची चकती खिशातून नेणे बंद केले. तिवई धरायला मात्र ते होते तोवर जात राहिलो.