हिवाळेबाबांचा पाऊण तास

हिवाळेबाबांचा आवाज दर बुधवारी सकाळी अकराला सुरू होतो आणि पावणेबाराला बंद होतो. त्यात दोन मिनिटांचाही फरक मी कधी पाहिला नाही. अकराला त्यांची नात सृष्टी रेणू मॅडमच्या खोलीत जाते. दार लागतं, कडी वाजते आणि बाबा सुरू. पावणेबाराला दार उघडतं, सृष्टी बाहेर येते आणि बाबा अर्धं वाक्य तोंडातच ठेवून उठतात. नातीच्या चपला तिच्या पायांजवळ ठेवतात, खांद्याला खाकी पिशवी लावतात आणि निघतात. निरोपाचा शब्द नाही. नुसती मान हलवतात.

आमचं हे थेरपी केंद्र बुलढाण्यात एका कापडाच्या दुकानावर आहे. तीन खोल्या, एक बाकडं, भिंतीवर हत्ती-घोड्यांची चित्रं. कोणाचं मूल बोलत नाही, कोणाचं चालत नाही, कोणाचं एका जागी बसत नाही. माझा कबीर साडेपाच वर्षांचा आहे आणि यातली दोन कामं तो करत नाही. आम्ही चिखलीहून एसटीनं येतो. संगीता वानखेडे म्हणून एक शिक्षिका होती, म्हणजे मीच; तिचं आता काय झालं ते मलाही नीट सांगता येत नाही. बुधवारपुरती मी ‘कबीरची मम्मी’ असते. शबाना आपा वरवट बकालहून येतात, घरून उजाडायच्या आधी निघतात. बाकड्यावर बसल्या की पहिली दहा मिनिटं त्या डोळे मिटूनच असतात.

या बाकड्यावर आम्ही काय बोलतो, ते बाहेरच्या माणसाला ऐकवायची सोय नाही. “आमच्यानं काल चमचा धरला.” “किती वेळ?” “धरला आणि फेकला.” “फेकला तरी धरला ना!” अशा आमच्या आनंदाच्या बातम्या. घरी कोणाला सांगावं तर प्रत्येक नातेवाइकाच्या ओळखीत एक मुलगा असतोच, जो सहा वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही आणि आता इंजिनिअर आहे. अशा इंजिनिअरांची मोजदाद मी आता सोडून दिली आहे.

तर अशा या दमलेल्या बाकड्यावर हिवाळेबाबा.

बाबा धाडजवळच्या एका खेड्याचे. चाळीस वर्षं गावचे कोतवाल होते. सरकारी निरोप गावभर ओरडून सांगायचे, हे त्यांचं काम. आता निवृत्त झाले, पण गळा निवृत्त झालेला नाही. सृष्टी आत गेली की बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकाची दवंडी देतात.

“आयका हो आयका! चिखलीचा कबीर आला होऽऽ! एक बूट पायात, एक मायच्या हातात होऽऽ!”

खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायचं. एकदा तर एक बाई कसला सेल आहे ते विचारायला वरपर्यंत आली होती.

मॅडमनं कोणालाही काही सूचना दिली की बाबांच्या कानावर ती पडायची आणि मग ती सगळ्यांना लागू व्हायची. “हुकूम आला हो! पोराच्या हाती मोबाईल द्याचा नाही होऽऽ!” की बाकड्यावरच्या चार आया मुकाट्यानं मोबाईल पर्समध्ये टाकायच्या. सूचना हा शब्द बाबांकडे नव्हताच. मॅडम सांगतील तो हुकूम आणि आपण करायची ती तामिली. मॅडमचं वय अठ्ठावीस-एकोणतीस असेल. त्या बाहेर आल्या की सत्तरीला टेकलेले बाबा टोपी सरळ करून उभे राहायचे.

“हुकमाले डोकं लावायचं नसते, माय,” असं ते मला नेहमी सांगायचे. “डोकं लावलं का तामिली बिघडते.”

याचा पुरावा म्हणून त्यांची एक ठरलेली गोष्ट होती. तलाठ्यानं त्यांना एक नोटीस दिली होती, अमक्याच्या दरवाजावर चिकटवून ये म्हणून. बाबा गेले तर घराला दरवाजाच नाही, दुरुस्तीला काढून नेलेला. दुसरा कोणी असता तर त्यानं भिंतीवर डकवली असती. बाबा चार किलोमीटर चालत सुताराकडे गेले, तिथे पाच-सहा दरवाजे उभे होते, त्यातला बरोबर दरवाजा विचारून घेतला आणि त्यावर नोटीस लावून परत आले.

“पण बाबा, घरच्या माणसाला ती दिसली कशी असेल?” मी विचारलं.

“थो भाग हुकमात नव्हता,” बाबा म्हणाले.

पहिल्या एक-दोन वेळा या गोष्टीला मी पोट धरून हसले. पंधराव्या वेळी मात्र माणसाला हसू येत नाही. खरं सांगते, मला बाबांचा कंटाळा यायला लागला होता. त्यात कबीरला मोठा आवाज सोसत नाही. बाबांनी दवंडी दिली की तो कान दाबून बाकड्याखाली शिरायचा आणि त्याला बाहेर काढण्यात माझी सकाळ संपायची.

नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. एकदा एसटी स्टँडवर मी आजा-नातीला लांबून पाहिलं. साडेचार वर्षांची सृष्टी, दोन वेण्या, बाबांची करंगळी धरलेली. बाबांनी धाडच्या जीपकडे बोट केलं, ती निघाली. बाबांनी पिशवीतून बाटली काढून तिच्यासमोर धरली, ती प्यायली. तोंडानं एक अक्षर नाही. मला वाटलं, किती समजतात एकमेकांना! आणि थोडा हेवाही वाटला. माझा दिवसभर कबीरच्या मागे बोलून बोलून घसा सुकतो.

मग मार्चमधला तो बुधवार आला. एसटी वीस मिनिटं उशिरा. कबीरनं रस्त्यात माझ्या मनगटाला चावा घेतलेला, जिन्यावर तो आडवा झाला आणि उठेना. त्याला उचलून मी कशीबशी वर पोचते न पोचते तोच बाबा कडाडले, “आयका हो आयका—”

कबीरनं किंचाळून भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. माझा तोल गेला.

“बास करा ना बाबा!” मी ओरडले. “किती बोलता! काय बोलायचं ते घरी बोला, सहा दिवस पडलेत तुम्हाला! इथं तरी माणसाला शांत बसू द्या!”

शबाना आपांनी डोळे उघडले आणि आपल्या चपलांकडे बघायला लागल्या. मी कबीरचं डोकं मांडीत घेऊन बसले. लाज वाटत होती, पण राग त्याहून जास्त होता.

बऱ्याच वेळानं बाबा बाकड्याच्या टोकाला येऊन बसले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“घरी नाही बोलता येत, माय. घरी हुकूम हाय.”

“कोणाचा हुकूम?”

“मॅडमचा. पयल्याच दिवशी देला. मले म्हने, बाबा, तुमी पोरीच्या आधी बोलून टाकता, म्हून तिले बोलायची गरजच पडत नाही. घरी तिच्या जागी बोलत जाऊ नका.” बाबांनी तळवे पुसले. “तव्हापासून म्या तोंड बंद केलं. आठ महिने झाले. फोन आला का लिंबाखाली जातो. शेजारी आला त त्याले वट्ट्यावरच बसवतो, इशाऱ्यानं सांगतो. रेडिओबी नाही लावत, हुकूम मोडन म्हून. पोरगी समोर असली का बोलनं नाही. ते आत गेली का मंग...” त्यांनी दाराकडे पाहिलं. “पाऊन तास भेटते.”

“आणि घरी दुसरं कोणी?”

“कोन असन? लेक-सून तिकडं पुन्याले कंपनीत. हिची थिरपी हाय म्हून हिले मापाशी ठेवलं. म्हातारी होती तव्हा ते बोले दोघायच्या वाटचं. तिले जाऊन दोन वर्सं झाले.”

मला कबीरची फाईल आठवली. तिच्या पहिल्या पानावर रेणू मॅडमनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय : अंघोळ घालताना बोला, भाकरी करताना बोला, रस्त्यात दिसेल त्याचं नाव सांगा. मूल ऐकतं, मगच बोलतं. मुलाला काही विचारलं तर मात्र थांबा, त्याला वेळ द्या. मॅडमना बाबांना सांगायचं होतं ते हे शेवटचं. बाबांनी तेवढंच घेतलं, आणि डोकं न लावता घेतलं. दर आठवड्याला मॅडम घाईत विचारायच्या, “घरी सांगितलेलं करताय ना?” आणि बाबा टोपी सरळ करून म्हणायचे, “तामील, मॅडम!” पुढचं मूल तोवर दारात रडत असायचं.

हे बाबांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं, ते मला कळत होतं. मनात आलं, आपण गप्प बसावं. आपल्या घरचं आपल्याला काय थोडं आहे? पण तेवढ्यात पावणेबारा झाले, दार उघडलं आणि बाबा सवयीनं तोंड मिटून उभे राहिले. ते मिटलेलं तोंड पाहिलं आणि माझ्यानं राहवलं नाही. सृष्टीला शबाना आपांजवळ बसवलं आणि बाबांना हाताला धरून मी आत नेलं.

सगळं मीच सांगितलं. रेणू मॅडम हातातली चित्रं खाली ठेवून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उतरत गेला.

“बाबा,” त्या म्हणाल्या, “तुम्ही बोलायचं आहे. खूप बोलायचं. काय करताय, काय खाताय, सगळं तिला सांगायचं. तिला काही विचारलं, की मग फक्त थांबायचं. तिच्याऐवजी उत्तर द्यायचं नाही, एवढंच म्हणाले होते मी.”

बाबांनी हत्तीच्या चित्राकडे पाहिलं.

“म्हंजे आठ महिने पोरीनं घरात काहीच आयकलं नाही म्हना.”

“चूक माझी आहे. मी नीट समजावून सांगायला हवं होतं. दर वेळी नीट विचारायलाही हवं होतं.”

“नाही, नाही, मॅडम.” बाबांनी दोन्ही हात हलवले. “हुकूम बराबर होता. तामिली चुकली.”

मॅडमनं डोळे पुसले. मला माझ्या ओरडण्याची इतकी शरम वाटली, की बाबांची माफी मागायचंही सुचलं नाही. बाबा बाहेर आले. सृष्टीच्या चपला तिच्या पायांजवळ ठेवल्या. दोघं जिना उतरून गेली.

त्या आठवड्यात मी कबीरला भाजी दाखवली, बादली दाखवली, पण मन धाडच्या रस्त्यावर होतं. या मुलांचे आठ महिने म्हणजे काय, ते आम्हा बाकड्यावरच्या माणसांना पक्कं ठाऊक असतं. वय निघून जातं, असं सगळेच सांगतात. म्हाताऱ्यानं हाय खाल्ली तर त्या पोरीला इथवर आणणार कोण?

पुढच्या बुधवारी बाबा आले. सृष्टी आत गेली, कडी वाजली, आणि बाबा बाकड्यावर नुसते बसून राहिले. शबाना आपा मला कोपरानं ढोसायला लागल्या. शेवटी मीच विषय काढला.

“मागच्या वेळी मी फार बोलले, बाबा. मनावर घेऊ नका.”

“त्याचं काय व, माय. तू बोलली म्हून त समजलं.” त्यांचा आवाज बसला होता.

“मग? घरी बोललात?”

“बोललो न. पयल्या दिवशी चुलीपाशी बसलो. काय बोलाव तेच समजेना. आठ महिने तोंड बंद, अन् पोरीसंग बोलाचं तरी काय? मंग जे येते तेच बोललो. आयका हो आयका, हिवाळ्याच्या घरी चूल पेटली हो! भाकर टाकली हो! वरून मीठ-तेल हाय हो!”

शबाना आपा हसल्या. मीही हसले.

“मग सृष्टीनं काय केलं?”

“उठली अन् दारात गेली.”

“दारात कशाला?”

“कोन आलं ते पाहाले.” बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “घरात आवाज झाला म्हंजे कोनी तरी आलं, असं वाटलं तिले. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. रस्त्यावर कोनी नाही. म्या म्हनलं, काऊन व, मी बोलून राह्यलो, तुहा आबा. मापाशी आली, अन् अर्ध्यातून पुन्हा दारात गेली.”

बाबांनी टोपीची घडी सरळ केली.

“आठ दिवस झाले,” बाबा म्हणाले. “अजूनबी म्या तोंड उघडलं का पयले दारात जाऊन येते. पर आता लवकर वापस येते.”