चौथ्या मिनिटाला उतरलेले समीक्षक

शुक्रवारच्या पुरवणीत लिफ्टवाल्याचं तोंडभरून कौतुक छापून आलं, आणि ते वाचून त्याचं तोंड एवढंसं झालं.

दिवसा तो लोकांच्या अडकलेल्या लिफ्ट दुरुस्त करी आणि उरलेल्या वेळात संगणकावर, एकाच ठोक्यावर घुमत राहणारं ट्रान्स संगीत रची. पाठीशी कंपनी वगैरे कोणी नव्हती. संगीत त्याचं, मुखपृष्ठ त्याचं, इंटरनेटवर चढवायचंही त्यानेच, आणि बहुतेकदा ऐकायचंही त्यानेच. घरात दुसरी श्रोती म्हणजे ताई. पण ठोका सुरू झाला की ती पाण्याची मोटार बंद करायला उठे.

या खेपेचे तीन ट्रॅक त्याने एकाच माणसासाठी केले होते. ती आठ महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. निघताना चांगलंच बिनसलं. ‘थांब’ एवढं याच्या तोंडून निघालं नाही, आणि ती थांबली नाही. तेव्हापासून बोलणं बंद. मात्र ती असेल तिथे शुक्रवारची पुरवणी वाचते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ट्रॅक त्या पुरवणीत लिहिणाऱ्या समीक्षकांकडे धाडले होते. प्रत्येक ट्रॅकमध्ये चौथ्या मिनिटाला ठोका थांबे, दीड मिनिट जवळजवळ काहीच नसे, आणि मग सगळं दुप्पट जोराने परत येई. त्या परत येण्यातच त्याचं सगळं म्हणणं होतं.

समीक्षकांनी लिहिलं होतं : ‘तिन्ही रचना चौथ्या मिनिटाला शांततेत विरून संपतात. गेलेलं माणूस परतणार नाही, हे या कलावंताने पचवलं आहे. त्याने वाट पाहणं सोडलं आहे. ही परिपक्वता थक्क करते.’

“परिपक्व म्हणालेत तुला,” ताई म्हणाली. “एवढं धाडस आपल्या घरात कोणी केलं नसतं.”

“ताई, प्रत्येक गाणं नऊ मिनिटांचं आहे.”

“मग चारातच आवडलं, हे चांगलंच की.”

दुपारपर्यंत ऐकणाऱ्यांचा आकडा आठावरून नऊशेवर गेला. सगळे समीक्षण वाचून आलेले. चौथ्या मिनिटाला डोळे पुसत आणि निघून जात. एकाने लिहिलं, ‘शेवट काळजाला भिडला. पुढे चुकून काहीतरी वाजतं, तेवढं काढून टाका.’

संध्याकाळी तिचा निरोप आला. आठ महिन्यांतला पहिला. ‘वाचलं. बरं झालं. सुखी राहा.’

लिफ्टवाल्याने उत्तर सात वेळा लिहिलं आणि सात वेळा पुसलं. असं सरळ लिहिता येत असतं, तर सत्तावीस मिनिटांचं संगीत कशाला केलं असतं? सकाळी उठून त्याने समीक्षकांचं घर गाठलं.

“आभार मानायला आलात होय,” समीक्षक म्हणाले. “त्याची गरज नव्हती.”

“सर, तुम्ही चौथ्या मजल्यावरच उतरलात. घर नवव्यावर आहे.”

समीक्षकांना उलगडायला वेळ लागला. मग ते म्हणाले, “अहो, शांतता झाली. तीस वर्षं शांतता झाली की मी उठतो. टाळ्या संपेपर्यंत बसलं तर गाडी बाहेर निघत नाही.”

“घरी बसून ऐकत होतात ना?”

“सवय,” समीक्षक म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

त्याने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि चौथ्या मिनिटाला त्यांचा हात धरून ठेवला. दीड मिनिट दोघे तसेच बसून राहिले. ठोका परतला तसे समीक्षक खुर्चीत एवढे दचकले, की चष्मा मांडीवर आला. तो त्यांनी नवव्या मिनिटापर्यंत उचलला नाही.

“तीस वर्षांत मी एकदाही दुरुस्ती छापलेली नाही,” ते अखेर म्हणाले. “आणि हे छापलं तर तुमचं कौतुकही जाईल. अर्धवट होतं तेच लोकांना आवडलंय.”

“जाऊ दे.”

“नक्की?”

“नऊशे जण गेले तरी चालतील, सर.”

पुढच्या शुक्रवारी तळाच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या : ‘गेल्या खेपेस आम्ही अर्ध्यावर उठलो. कलावंताने वाट पाहणं सोडलेलं नाही. वाचकांनी बसून राहावं.’

“झालं,” ताई म्हणाली. “परिपक्व नाहीस, हेही छापून आलं.”

आकडा घसरू लागला. त्याने तो पाहिलाही नाही. दिवसभर तो फोन खिशातून काढी आणि परत ठेवी. सहा वाजता, एका इमारतीच्या लिफ्टच्या टपावर बसून तो वंगण घालत असताना, फोन वाजला.

“ऐकलं,” ती म्हणाली. “नऊच्या नऊ मिनिटं.”

त्याने विचारलं, “कसं वाटलं?”

“मधली शांतता फार छोटी आहे. दीड मिनिटात कोणी परत येत नसतं.”

“मग किती ठेवू?”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. तो हातातला बोळा धरून जागच्या जागी बसून राहिला.

“पुढच्या शनिवारपर्यंत ठेव,” ती म्हणाली. “त्याआधीची सुट्टी मिळत नाहीये.”