गुडघ्याचा होकार

"उभं राहता येईल ना नक्की?" ओदेने पुन्हा विचारलं आणि खलफने पुन्हा थाप मारली.

"डॉक्टर म्हणाले, आता खुशाल पळा!"

डॉक्टर खरं म्हणजे म्हणाले होते, थोडा वेळ उभे राहा आणि मग बसा. पण बसून करायचं काम खलफला येतच नव्हतं. करक शहरातल्या लग्नकार्यांत कॉफी ओतण्यात त्याची हयात गेली होती, आणि दल्ला, म्हणजे ती लांब चोचीची पितळी किटली, हातात असेपर्यंत ओतणारा खाली टेकत नसतो. गुडघा बदलून तो घरी पडला, तेवढ्यात मंडप पुरवणाऱ्या ओदेने आपल्या मेहुण्याला, मुतलकला, कामावर चिकटवला. आजची जाहा, म्हणजे मुलीला मागणी घालायची बैठक, नीट पार पडली तर दल्ला खलफचा. नाही तर जन्मभर मंडपामागे बसून पेले विसळायचे.

"त्यापेक्षा जुना गुडघा परत बसवून घेतो," तो सकाळी बायकोला म्हणाला होता.

"जुना कचऱ्यात गेला," फिद्दा म्हणाली. "आहे तो सांभाळा, आणि तोंडही सांभाळा."

जाहा मोठी होती. मुलाकडची झाडून सारी वडीलधारी मंडळी मुलीला मागणी घालायला आली होती. त्यांचा म्होरक्या हाजी मिफ्लेह, निवृत्त न्यायाधीश. खलफने त्याला पेला दिला आणि हाजीने तो तोंडाला न लावता रिवाजाप्रमाणे समोर ठेवला. मुलीचे आजोबा शेख थलजी "कॉफी प्या" म्हणाले की मुलगी दिली. तोवर पेला तसाच राहणार, आणि तो रिकामा होऊन हातात येईपर्यंत खलफने हाजीसमोरून हलायचं नाही.

हाजी बोलायला उठला. उभ्या आयुष्यात त्याने निकालही कधी थोडक्यात दिला नव्हता. त्याने दोन्ही घराण्यांचे पूर्वज काढले, त्यांचे घोडे काढले, घोड्यांचे गुण सांगितले. खलफने भार उजव्या पायावर घेतला. अखेर मागणी घालून हाजी बसला आणि खलफला हायसं वाटलं. पण आता शेख थलजी उठले, आणि पूर्वजांच्या बाबतीत ते हाजीला हार जाणार नव्हते.

"आमच्या आजोबांच्या मयतीला," शेख म्हणाले, "तुमची माणसं उशिरा आली होती, हाजी. आम्ही ते विसरलो नाही."

मुलाच्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं. बोलणी आधीच पक्की झाली होती म्हणे, पण शेखचा काही नेम नव्हता. मागे एकदा त्यांनी अख्खी जाहा कॉफीविना परत धाडली होती.

खलफचा नवा गुडघा आता भट्टी झाला होता. पाय लटपटू लागला, दल्ल्याची चोच हलू लागली आणि हाजीच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर एक थेंब पडला. दारात मुतलक बाह्या सारून उभा होता.

"दे इकडे," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पडशील, म्हाताऱ्या."

"पडलो तर तुझ्याच अंगावर पडेन," खलफ पुटपुटला. "तू तिथेच थांब."

शेख म्हणाले, "आणि त्या मयतीच्याही आधी..."

त्या मयतीच्याही आधी! खलफच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. समोर तो गार पेला दिसत होता. तो एवढासा घोट हाजीच्या घशाखाली उतरला की त्याची सुटका होती. कळ थेट मस्तकात गेली आणि तोंडातून शब्द निसटले, तेही मंडपभर ऐकू जातील असे.

"अहो हाजी, प्या की ती कॉफी एकदाची!"

मागच्या रांगांतल्या म्हाताऱ्यांनी शब्द तेवढे ऐकले आणि ते शेखचेच समजले. "मबरूक! मबरूक!" त्यांनी अभिनंदनाचा एकच गिल्ला केला. आतून बायकांनी ललकाऱ्या दिल्या. आणि हाजी मिफ्लेह, जन्माचा धूर्त, त्याने पेला उचलून एका घोटात रिकामा केला.

शेख थलजी तोंड उघडं ठेवून उभे होते. हळूहळू मंडपाला कळलं, आणि गलबला जिथल्या तिथे थांबला.

"माझी नात," शेख सावकाश म्हणाले, "दिली कुणी?"

खलफला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पळून जावं, तर पाय हलत नव्हता.

तेवढ्यात पडद्याआडून शेखच्या म्हातारीचा आवाज आला. "ललकाऱ्या दिल्यात आम्ही! आता त्या परत गिळू का? आपल्या लग्नातही तुमचे चुलते असेच बोलत बसले आणि मटण गार झालं. पुरे!"

कुणीतरी खोकलं. हसायची हिंमत मात्र कुणाची झाली नाही. शेख खलफजवळ आले. त्यांनी त्याच्या थरथरत्या पायाकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे.

"कॉफी माझ्या घरची," ते म्हणाले. "ओतणारा माझ्या घरी उभा. तो बोलला म्हणजे मी बोललो. पोरगी दिली!"

मग त्यांनी खलफच्या हातातून दल्ला काढून घेतला. "बस आता."

"शेख, ओतणारा बसत नसतो..."

"दल्ला माझ्याकडे आहे. बस!"

खलफ बसला, आणि त्याचे डोळे भरून आले. पाय सुटला होता, पण काम गेलं होतं.

आठवड्याने ओदे दारात हजर झाला. "चल, आज दुसऱ्या एका घरची जाहा आहे."

"मुतलक आहे ना?"

"मुतलकचं नाव काढू नकोस. मुलाकडचे म्हणतात, तो दुखऱ्या गुडघ्याचाच पाठव. जेवण वेळेवर मिळतं म्हणे."

खलफ ताडकन उठला, आणि त्याच्याच लक्षात आलं की गुडघा अजिबात दुखत नाहीये. खुशीत तो दाराकडे निघाला, तशी फिद्दाने त्याची बाही धरली.

"अहो," ती कानात म्हणाली, "लंगडत जा."