तिसऱ्या मजल्यावरची गार हवा

तोताराम नाना फ्लॅट बघायला लोकांना फक्त सकाळी सहाला बोलवत. कारण विचारलं तर म्हणत, "त्या वेळी घराचा स्वभाव कळतो." खरं कारण पिंप्राळ्यातली सगळी गल्ली जाणून होती. तिसरा मजला, वर उघडा स्लॅब, खिडक्या पश्चिमेला आणि गाव जळगाव. एप्रिलच्या दुपारी तिथल्या भिंतीला हात लावायची सोय नव्हती. खालचे फ्लॅट भरलेले, हा मात्र दोन वर्षं रिकामा.

त्यात पुण्याहून मुलाने, नीलेशने, फोनवर बजावलं होतं की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, भाडेकरू आला नाही तर सगळी बिल्डिंग एजंटाकडे सोपवायची. नानांनी उभा जन्म दीपनगरच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळला होता. आपली स्वतःची बिल्डिंग परक्याने सांभाळायची, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

"एजंट कशाला? माझ्या हातात मोबाइल आहे ना," असं म्हणून नाना खरोखरच कामाला लागले. इन्स्टाग्रामवर पेज काढलं. रोज पहाटे त्याच रिकाम्या फ्लॅटमध्ये रील. अंगात स्वेटर, हातात वाफाळता चहा, मागे पडदा हलतोय आणि नाना सांगताहेत, "मंडळी, एप्रिल आहे, पण इथली गार हवा बघा." पडदा हलवणारा टेबलफॅन अर्थातच कॅमेऱ्याच्या मागे असे.

जाहिरात करण्याइतकंच तिच्यावर बारीक लक्षही ठेवावं लागतं, हे नानांना ठाऊक होतं. त्यांच्या रीलखाली कोणी उकाड्याचा शब्द काढला की कमेंट मिनिटभरात गायब. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या डिंपलने घामाघूम चेहऱ्याचा फोटो स्टेटसला टाकला, तेव्हा नाना स्वतः जाऊन समजावून आले की लिहायचंच असेल तर निदान बँकेत उकडतं असं लिही. सगळ्या भाडेकरूंच्या स्टेटसवर त्यांची नजर होती. फक्त कुंदाबाईंचं स्टेटस त्यांनी म्यूट केलं होतं. बायको सुप्रभात आणि देवांचे फोटो याशिवाय काय टाकणार?

आखाजीला आठवडा उरला असताना धुळ्याहून प्रेमराज नावाच्या गृहस्थांचा फोन आला. बदली जळगावला झाली होती, फ्लॅट बघायचा होता. नानांनी त्यांना सकाळी सहाची वेळ दिली. पण प्रेमराज आणि त्यांची बायको दिपमाला फोन केला त्याच दिवशी भर दुपारी दारात हजर झाले. नानांनी आधी सरबत घ्या म्हटलं, मग जेवून घ्या म्हटलं, शेवटी इथेच थोडं पडा म्हटलं. दिपमाला तोवर जिना चढून वर पोचल्या होत्या.

नानांनी दार उघडलं आणि ते जागीच थिजले. हॉलभर जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर पापडासारखे ज्वारीचे बिबडे वाळत होते. बेडरूममध्येही तेच. पाय ठेवायला जागा नव्हती. मागून आलेल्या कुंदाबाई मात्र शांत होत्या.

"तुम्ही सकाळी रील करून खाली आलात की घालते. गच्चीवर कावळे येतात, धूळ बसते. इथं दार लावलं की झालं."

प्रेमराजांनी रुमालाने मान पुसली. "नाना, रीलमध्ये तर स्वेटर होता."

हातातोंडाशी आलेला भाडेकरू बायकोच्या बिबड्यांपायी गेला, आता एजंट येणार, एवढंच नानांना दिसत होतं. दिपमालांनी मात्र खाली बसून एक बिबडा उचलला आणि मोडला. तो कडकन मोडला.

"आज सकायनाच शेतस?" त्यांनी कुंदाबाईंना अहिराणीत विचारलं. कुंदाबाईंनी मान डोलावली. "बठ्ठा वाळी ग्यात! आमना तठे दोन दिन लागतस." मग त्या नानांकडे वळल्या. "नाना, राहायला माझं माहेर आहेच जळगावात. पापड-बिबड्यांच्या ऑर्डरी घेते मी, त्याला अशीच जागा पाहिजे होती. या अक्कांचं बघूनच तर आलो."

त्यांनी मोबाइल पुढे धरला. फिरत फिरत धुळ्यापर्यंत गेलेला कुंदाबाईंच्या स्टेटसचा व्हिडिओ होता तो. हाच हॉल, हेच बिबडे आणि कुंदाबाईंचा आवाज, "सकाळी घातले, संध्याकाळी डब्यात." आपले रील दिपमालांनी पाहिले का, हे विचारायचं नानांनी टाळलं.

आनंदाच्या भरात नाना बोलून गेले, "काळजी करू नका, गच्चीला पांढरा रंग मारतोय. डबे आणून ठेवलेत. गारेगार होईल."

"मग नको आम्हाला," दिपमाला म्हणाल्या.

नानांनी रंगाचे डबे त्याच दिवशी परत केले. करारात दिपमालांनी एक अट घालून घेतली आणि ती नानांनी स्वतःच्या हाताने लिहिली: फ्लॅट गरम ठेवण्याची जबाबदारी मालकाची राहील. निवृत्तीनंतर त्यांना पुन्हा बॉयलरची ड्यूटी लागली होती. आखाजीला घरी आलेल्या नीलेशने हे कसं जमवलं म्हणून विचारलं, तेव्हा नाना ताठ बसून म्हणाले, "सोशल मीडिया." कुंदाबाई बिबडे तळत राहिल्या.

डिसेंबरात थंडी पडली. एका सकाळी नानांच्या जुन्या रीलखाली दिपमालांची कमेंट आली: "नाना, फ्लॅट फारच गार आहे."

नानांनी ती मिनिटभरात काढून टाकली, स्वेटर चढवला आणि शेगडी घेऊन तिसरा मजला गाठला.